चार दिवस सांभाळलेला पक्षी कायमचा घेऊ का? घरी मी एकटी, तीही रात्री आठनंतर

टाचणी

नमस्कार. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी एकटी राहते. काम हिशेब तपासणीचं. सकाळी सव्वाआठला दाराला कुलूप लागतं ते रात्री आठला उघडतं, महिनाअखेरीला साडेनऊही होतात. रविवार पूर्ण माझा, शनिवार म्हटलं तर अर्धा. महिन्यातून एकदा दोन दिवस बाहेरगावी जावं लागतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचा पक्षी चार दिवस माझ्याकडे ठेवला. ती त्याला लव्हबर्ड म्हणते. अंग हिरवं, डोकं पिवळं, गळ्याला काळे ठिपके, चोचीच्या वर गडद निळी पट्टी, शेपूट लांब. नाव गोट्या. पहिले दोन दिवस तो माझ्याकडे पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी जमिनीवर पावत्या पसरून बसले होते. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. हे महाशय स्वतःहून उतरले, उडत नाही, चालत आले, आणि एका पावतीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरतडत गेले. दर चाव्यात सारखंच अंतर. पोस्टाच्या तिकिटाला असते तशी कड तयार झाली. मग माझ्या टाचेवर चढून बसले. मी पाऊण तास हलले नाही. पाय मेला तरी.

आता मैत्रीण दुसऱ्या देशात चालली आहे, पक्षी नेता येणार नाही. तिने पहिल्यांदा मला विचारलंय. तिच्या घरी तिची आई दिवसभर असते, गोट्याला माणसांची सवय आहे. वय दोन वर्षं. उत्तर द्यायला माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

रात्री आठ ते अकरा मी पूर्णपणे त्याच्याबरोबर असेन. तीन तास पुरतात का? एकटा कंटाळेल म्हणून दुसरा आणला तर प्रश्न सुटेल का? आणि तिसरं म्हणजे, मला तो हवाय म्हणून मी उत्तर आधीच ठरवून विचारते आहे का, तेही कोणी सांगितलं तर बरं.

खडूस आजोबा

नको.

बारा तास घराला कुलूप, वर बाहेरगाव. हौस तुमची, शिक्षा त्याला. मासे पाळा.

टाचणी

आजोबा, मासे टाचेवर बसत नाहीत हो. पण नोंद घेतली.

शिफ्टवाला

आधी नाव दुरुस्त करतो, कारण पुढे उपयोगी पडेल. गळ्याला ठिपके आणि लांब शेपूट म्हणजे हा लव्हबर्ड नव्हे, बजी. पूर्ण नाव बजरीगर. खरा लव्हबर्ड आफ्रिका आणि मादागास्करकडचा, बुटक्या शेपटीचा, चोचीने आणि स्वभावाने दणकट. बजी ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचा, थव्याने राहणारा. गडद निळी पट्टी म्हणजे बहुधा नर, हेही चांगलं. का ते खाली येईल.

मी ११ वर्षं बजी सांभाळले. त्यातली पहिली ६ वर्षं दुपारपाळीची नोकरी होती. तुमचं 'तीन तास पुरतात का' वाचून हसू आलं, कारण मी हाच प्रश्न घेऊन फिरायचो. तीन तास पुष्कळ झाले. दोनही पुरतात. पण तुम्ही कुठले तास देताय? रात्री आठ ते अकरा. त्या वेळी त्याची मध्यरात्र झालेली असायला हवी.

माझ्या पहिल्या पक्ष्याचं नाव पावशेर. वजन ३४ ग्रॅम, म्हणून. आणला तेव्हा तीन-साडेतीन महिन्यांचा असेल. नाकावरची पट्टी फिकट निळसर होती. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, नर आहे, महिन्याभरात बोलायला लागेल. मी पाळी संपवून साडेनऊला घरी यायचो. दिवा लावला की पावशेर टुणकन खालच्या दांडीवर. दार उघडलं की पडद्याच्या दांडीवर, तिथून माझ्या चष्म्यावर, तिथून ताटाच्या काठावर. साडेबारापर्यंत आमचा धुमाकूळ चालायचा. मला वाटायचं, बघा, नोकरी सांभाळून किती वेळ देतो मी. सकाळी सहाला उजेड आला की तो उठलेला. म्हणजे साडेपाच तास झोप. या पक्ष्यांना लागते १० ते १२ तास.

असं आठ महिने चाललं. मग तो चिडका झाला. बोट पुढे केलं की चावा, तोही कातडं धरून पिळायचा. घरातली भांडी ठेवायची फळी त्याने ताब्यात घेतली, तिच्या मागच्या अंधाऱ्या फटीत जाऊन बसायचा आणि मी जवळ गेलो की चोच उघडून अंगावर यायचा. वयात आला असेल म्हटलं. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाच्या कागदावर एक पांढरंशुभ्र अंडं. करंगळीच्या पेराएवढं. पावशेर त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतेय.

नर म्हणून आणला आणि माझाच पोपट झाला.

(कोवळ्या वयात मादीचीही नाकपट्टी फिकट निळसर दिसू शकते, पण तिच्या नाकपुड्यांभोवती पांढरं कडं असतं. ते कडं मी आठ महिने रोज बघत होतो. पुढे पट्टी तपकिरी झाली तरी मला वाटलं काहीतरी लागलंय.)

अंडं मी काढून टाकलं. एक दिवस सोडून दुसरं. तेही काढलं. तिसरं, चौथं, असं सातव्यापर्यंत गेलं. सातव्याला ती तळाशी शेपूट खाली टेकवून, पिसं फुगवून बसली होती आणि शेपूट श्वासाबरोबर खालीवर होत होती. डॉक्टरकडे धावलो. अंडं अडकलं होतं. सुटलं, पण अशात पक्षी जातोही. डॉक्टरांनी खाण्याचं नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "घरातला दिवा किती वाजता बंद होतो?" मी म्हटलं, साडेबारा. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहीत राहिले. मग सांगितलं की दिवस लांबला म्हणजे विणीचा हंगाम आला असं पक्ष्याचं शरीर धरून चालतं. मी दिव्याने तिचा दिवस साडेअठरा तासांचा केला होता, वर लपायला अंधारी फट दिली होती, आणि अंडी काढून घेत होतो म्हणून ती पुन्हा घालत होती. प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जात होतं. मी प्रेमाने करत होतो त्या यादीतली एकही गोष्ट शिल्लक राहिली नाही.

त्यानंतर सगळं उलटं केलं. पिंजरा आतल्या खोलीत, जिथे संध्याकाळनंतर कोणी दिवा लावत नाही. भांड्यांची फळी भिंतीला टेकवून फट बंद. आणि मी पावणेसहाला उठायला लागलो. (सोपं नव्हतं. मी साखरझोपेतला माणूस.) सहा ते साडेसात आमची वेळ. 'खेळायचं' वगैरे काही नाही. मी दाढी करतोय, ती आरशाच्या कडेवर. मी इस्त्री करतोय, ती कपाटावर. मी वर्तमानपत्र वाचतोय, ती त्याच्या कडा फाडतेय. पक्ष्याला तुमचं सगळं लक्ष लागत नाही. थव्यातलं कोणीतरी आजूबाजूला वावरतंय, हाक मारली तर ओ देतंय, एवढं त्याला हवं असतं.

दिवसा एकटी काय करते हे बघायला एकदा जुना फोन समोर ठेवून गेलो. साडेनऊपर्यंत बडबड, घंटीशी मारामारी. अकराच्या सुमाराला एका पायावर उभी राहून, डोळे अर्धे मिटून चोच करकर घासत बसली. ही झोपेआधीची समाधानाची करकर. चारपर्यंत मधूनमधून खाणं सोडलं तर हेच. रानातसुद्धा ते सकाळ-संध्याकाळ चरतात आणि भर दुपारी झाडात गप्प बसतात. म्हणजे तुमच्या बारा तासांतले मधले पाच-सहा तास तुमच्याशिवाय निभतात. अडचण दुपारची नाहीच. संध्याकाळी पाच ते सात तो हाका मारेल आणि ओ द्यायला कोणी नसेल, आणि आठला तुम्ही याल तेव्हा त्याला झोपायचं असेल. ही खरी गाठ आहे.

त्याचा दिवसच पुढे सरकवता येईल का, हे तुमच्या डोक्यात येईलच. जाड काळे पडदे लावून सकाळ दहाला करायची, रात्र दहाला. काही जण करतात. मी दोन महिने केलं. पडद्याआडून बाहेरच्या पाखरांचा आवाज यायचा, ती अंधारात जागी व्हायची आणि मी येईपर्यंत अंधारातच बसायची. सोडून दिलं.

गोट्या नर असेल तर अंड्यांचं लचांड नाही. झोपेचं मात्र तेच.

म्हणून एक करून बघा. हो-नाही ठरवण्याआधी मैत्रिणीकडून जुना पिंजरा असेल तर रिकामा आणा. पंधरा दिवस तो भरलेला आहे असं समजून राहा. सकाळी सहाला पाणी बदला, दाणे बदला, तळाचा कागद बदला, तास-दीड तास त्याच खोलीत काढा. संध्याकाळी सातला त्या खोलीत अंधार आणि शांतता. किती दिवस जमलं ते कागदावर लिहा. हिशेब तपासणं तुमचंच काम आहे, त्यामुळे खोटं लिहिणार नाही अशी आशा. 'पक्षी आला की आपोआप बदलेन' असं मीही म्हणत होतो. मला बदलायला अडकलेलं अंडं लागलं.

आणि हो, पिंजरा स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला नुसता वासही जाणवत नाही.

तुरेवाली

वरचा प्रतिसाद वाचून आमच्या हॉलचा दिवा बंद करून आले आधी.

आमच्याकडे कॉकटेल (कॉकटील, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आहे, ९ वर्षांचा. कोणी म्हणेल बजीपेक्षा शांत असतो, माणसाळतो, तोच घ्या, म्हणून लिहिते. मी घरून काम करते तरी तो मला पुरून उरतो. मी खोलीतून उठले की एकच सूर, तोच, न थकता, मी परत येईपर्यंत. मीटिंगमध्ये सगळे त्याला ओळखतात. पिसांतून पांढरी पूड पडते, काळ्या कीबोर्डवर दोन दिवसांत बोट फिरवलं तर रेघ उठते. घरात कोणाला दमा असेल तर विसरा. रात्री कधीतरी दचकतो आणि अंधारात पिंजराभर आपटत सुटतो, म्हणून कोपऱ्यात अगदी बारीक दिवा ठेवावा लागतो. आणि १५-२० वर्षं जगतो. आणला तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, आता मुलगी त्याच्याशी भांडते.

बजी ५ ते १० वर्षं, नीट ठेवला तर जास्तही. तुम्हाला ते कमी वाटेल, पण पाच वर्षांपूर्वी तुम्ही कुठे राहत होतात, काय करत होतात, ते आठवून बघा.

दोनाचे चार

दुसरा आणण्याबद्दल: मी आणला. दोघांचं इतकं जमलं की आता मी त्यांचा दाणेवाला. पाच वर्षांत टाचेवर काय, बोटावरही कोणी बसलेलं नाही. एकमेकांना भरवतात, मान खाजवून देतात, भांडतात. मला चालतं. मी ऑफिसातून येतो, लांब खुर्चीवर बसून बघतो, तेवढं मला पुरतं.

पण तुम्हाला टाच हवी आहे असं दिसतंय.

शिवाय दोघं आणले म्हणजे दोघांचं जमेलच असं नाही. नवा पक्षी किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो, आजार घेऊन आला असेल तर कळावं म्हणून. नंतर पिंजऱ्याला पिंजरा लावून बघायचं. नाही जमलं तर दोन पिंजरे कायमचे. एकटेपणावर उपाय म्हणून बरोबर आहे, तुमची सोय म्हणून आणू नका.

कापूसबोळा

मी पक्ष्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते तीन वर्षं. कामावर जाणाऱ्यांचे पक्षी ज्या कारणांनी आमच्याकडे यायचे त्यातलं एक कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

बजी दाणा सोलून खातो. साल तिथेच वाटीत टाकतो. संध्याकाळी तुम्ही दुरून बघता, वाटी भरलेली. सकाळी घाईत बघता, वाटी भरलेलीच. ती सगळी सालं असतात. राळ्याच्या सालींचा थर दाण्यांसारखाच दिसतो, रंगही तोच. एक गृहस्थ पक्षी घेऊन आले, म्हणाले खातो व्यवस्थित, वाटी कधी रिकामी झालेली नाही. आमच्या डॉक्टरांनी त्यांनी आणलेल्या वाटीवर नुसती फुंकर मारली. टेबलभर सालं उडाली आणि खाली मोजून आठ-दहा दाणे. तो माणूस टेबलाकडे बघत उभाच राहिला. तेव्हा रोज सकाळी फुंकर. वाटी हातात घेऊन, मोरीवर नेऊन. नजरेने नाही.

दुसरं, वजन. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा घ्या, आठवड्यातून एकदा सकाळी, खाण्याआधी, त्यावर छोटी दांडी ठेवून त्याला उभं करा. पक्षी आजार लपवतात. रानात आजारी दिसला तो पहिला मारला जातो, म्हणून शेवटपर्यंत ताठ बसतात. पिसं फुगवून तळाशी बसलेला दिसला म्हणजे बराच उशीर झालेला असतो. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचं ३-४ ग्रॅम वजन उतरणं म्हणजे दहावा हिस्सा गेला. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं. बारा तास बाहेर असणाऱ्याने तर हे करायलाच हवं, कारण दिवसभर बघणारी आई तुमच्याकडे नाही.

आणि नुसत्या दाण्यांवर ठेवू नका. दाण्यात चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. गाजर किसून, पालेभाजी धुऊन. पहिले आठ दिवस तुडवेल, मग खाईल. ॲव्होकाडो, चॉकलेट, कॉफी चुकूनही नाही.

शिफ्टवाल्यांच्या डॉक्टरांचा दिव्याचा प्रश्न अगदी बरोबर. आमचेही आधी तेच विचारायचे.

टाचणी

सगळ्यांचे आभार. खास करून फुंकरीसाठी. मी चार दिवसांत एकदाच दाणे घातले होते, 'भरलेत की' म्हणून. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं मी रोज झटकते, तुला सांगायला विसरले. त्याचं काही झालं नाही, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

शिफ्टवाले, तुमच्या सांगण्यावरून रिकामा पिंजरा आणलाय. शेजारच्या काकू तीनदा येऊन आत काय आहे ते बघून गेल्या.

एक अडचण आत्ताच सांगते. माझं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात ठेवायचा नाही हे कळलं. उरली एकच खोली. तिथेच माझी खाट, तिथेच टेबल, तिथेच मी रात्री जेवते. सातला तिथे अंधार करायचा तर मी आठला येऊन बसायचं कुठे? पिंजऱ्यावर जाड कापड टाकलं तर चालतं का?

शिफ्टवाला

उजेड अडतो, आवाज अडत नाही. तुम्ही कुलूप उघडलंत की तो कापडाआड जागा. हवा खेळती राहील एवढी फट ठेवून कापड टाका, आणि आधी करून तर बघा. तुम्ही त्या खोलीत खरंच अंधारात वावरू शकता का ते कळेल.

काकूंना सांगा, आत न दिसणारा पक्षी आहे.

टाचणी

पंधरा नाही, चौदा दिवस झाले. पंधराव्या दिवशी बाहेरगावी आहे, तिथूनच लिहिते.

कागद समोर आहे. सकाळ: १४ पैकी १२. मला स्वतःलाच पटत नव्हतं. पहिले तीन दिवस घड्याळाने उठवलं, नंतर आपोआप. पिंजऱ्याशेजारी बसून पाणी बदलायचं, मग त्याच खोलीत डबा भरायचा, केस विंचरायचे. रिकाम्या पिंजऱ्याशी बोलले नाही, पण दोनदा 'थांब रे' म्हणाले. ते लिहिलेलं आहे कागदावर.

संध्याकाळ: १४ पैकी ४. चारांतले दोन रविवार. उरलेले दहा दिवस असे की आठला आले, दिवा न लावता चपला काढल्या, फोनच्या उजेडात स्वयंपाकघरात गेले, दार लोटून ओट्यापाशी स्टुलावर जेवले. अंधार बहुतेक राखला, शांतता नाही, भांडं पडलं की जीभ चावायची. सहाव्या दिवशी महिनाअखेर होती, साडेनऊला आले, डोकं फुटत होतं, फाइली बाकी होत्या. खोलीतला मोठा दिवा लावला आणि टेबलावर बसले एकपर्यंत. पिंजरा दोन हातांवर. त्या दिवशी आत गोट्या असता तरीही मी दिवा लावला असता. हे मला कळलं ते कागदावर लिहायला नको वाटत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी लिहिलं.

मैत्रिणीला नाही म्हणून सांगितलं. ती रागावली नाही, तिच्या मावसबहिणीकडे आधीच दोन बजी आहेत, घर मोठं, सासरे दिवसभर घरी, पिंजरा सातला आतल्या खोलीत जातो. (हे मी विचारलं. तुमच्या डॉक्टरांसारखं, पहिला प्रश्न तोच.) महिनाभर गोट्या वेगळ्या खोलीत राहणार, मग ओळखपरेड. ती मंडळी वर्षातून दोन-तीनदा बाहेर जातात. तेव्हा सांभाळायला मी, असं ठरलंय. रजा टाकून.

आजोबा, मासे अजून नाही.

खडूस आजोबा

मी दोन वर्षांपूर्वी माशांनाही उशिरापर्यंत दिवा ठेवायचो. सगळं पाणी शेवाळाने हिरवंगार. आज इथलं वाचून आठवलं. मुलीने रिकामा पिंजरा मांडून बघितला ते आवडलं.

शिफ्टवाला

१४ पैकी १२ सकाळी म्हणजे माझ्यापेक्षा बऱ्या. मला चार महिने लागले होते. घर बदललंत आणि आतली एक खोली हाताशी आली की हा कागद पुन्हा काढा, तेव्हा आकडे वेगळे येतील.

सांभाळायला येईल तेव्हा त्याचाच पिंजरा, त्याच्याच दांड्या आणि वाट्या मागून घ्या, नव्या वाटीला तोंड लावायला तो दोन दिवस घेईल आणि तुम्हाला वाटेल आजारी पडला. काटाही मागून घ्या. आला त्या सकाळचं वजन आणि गेला त्या सकाळचं, दोन्ही लिहून ठेवा. पावत्या मात्र उचलून ठेवा, छपाईची शाई पोटात जायला नको. कोरा कागद द्या, तिकिटं त्याचीही करेल.

टाचणी

कोरे कागद आजच वेगळे काढून ठेवले.